सडपातळ माणसाचं कोलेस्टेरॉल

(स्मृतिव्याख्यान, पुणे. भाषणाचा मुद्रित पाठ)



२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, तंतोतंत २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघं ‘योग्य वजना’चे. मग यंत्रानं मोजलेली शरीरातली चरबी पाहा. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असं नाव पडलं. सोबतच्या मजकुरात थोडी थट्टाही आहे: एक डॉक्टर मॅरेथॉन धावतात, आणि दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत तिथवर पळत जाणं. संशोधकानं स्वतःलाच नमुना म्हणून उभं करावं, आणि तेही आपलीच बाजू पडेल अशा तुलनेत, हे मला फार आवडतं.

ज्या डॉक्टरांच्या स्मृतीला आजचं हे पुष्प वाहिलेलं आहे, त्यांनी उभी हयात पेठेतल्या दवाखान्यात काढली. त्यांच्या पिढीनं रोग्याच्या अंगकाठीकडे पाहून निदानाला सुरुवात केली. ती नजर मोलाचीच होती. पण कोलेस्टेरॉलच्या बाबतीत ती नजर आपल्याला फसवते, आणि पुण्यात जरा जास्तच फसवते. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे.

आपल्याकडे या विषयावर दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं: “मला कसलं कोलेस्टेरॉल? मी असा काडीपैलवान, रोज वेताळ टेकडी चढतो, घरात तूप मोजून वाढतात.” दुसरं जाड माणसाच्या वाट्याला येतं: रिपोर्ट काहीही असो, “आधी वजन उतरवा, मग बोलू.” पहिल्या माणसाची तपासणीच होत नाही, दुसऱ्याच्या तपासणीचा अर्थ कुणी नीट लावत नाही. दोघांचंही नुकसान एकाच समजुतीपायी होतं.

मुळात ‘कोलेस्टेरॉल वाढलं’ हे एक वाक्य तीन-चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर ‘वाईट’ म्हणतात ते एलडीएल असतं, ‘चांगलं’ म्हणतात ते एचडीएल असतं, ट्रायग्लिसराइड असतात, आणि या सगळ्यांचा मिळून ‘टोटल’ असतो. लोक टोटल वाचतात आणि कागद फायलीत ठेवतात. वजन आणि आनुवंशिकता या आकड्यांवर निरनिराळ्या वाटांनी काम करतात. त्या वाटा समजून घेण्यासाठी मी घंटागाडीचा आधार घेते.

यकृत रोज चरबीनं भरलेले कण रक्तात सोडतं, त्यांना व्हीएलडीएल म्हणतात. ते रिकामे होत होत त्यांतल्या बऱ्याच कणांचे एलडीएल बनतात, आणि हे एलडीएल उचलून परत आत घ्यायचं कामही मुख्यतः यकृतच करतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर नावाचे रेणू असतात. हे रिसेप्टर म्हणजे गाडीवरचे कामगार. एक रिसेप्टर कण पकडतो, पेशीत नेऊन टाकतो आणि पुन्हा बाहेर येऊन उभा राहतो. एका फेरीला त्याला दहाएक मिनिटं लागतात. आता एखाद्या वस्तीत घाण साचली तर कारणं दोन असू शकतात. घरोघरी कचरा जास्त निघतोय, किंवा उचलणारे हात कमी पडताहेत. वजन, त्यातही पोटावरची चरबी, हे पहिल्या प्रकारचं कारण आहे. आनुवंशिक दोष बहुधा दुसऱ्या प्रकारचं. लांबून पाहणाऱ्याला ढीग सारखाच दिसतो, पण एका ठिकाणी कचरा कमी करायला सांगणं शहाणपणाचं, आणि दुसऱ्या ठिकाणी तेच सांगणं म्हणजे निव्वळ उपदेश.

उचलणारे हात कमी पडले की काय होतं, हे वैद्यकाला मुलांनी शिकवलं. ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’, थोडक्यात एफएच, या विकारात एलडीएल रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं असतं. आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तर निम्मेच रिसेप्टर धड. एलडीएल बहुधा डेसिलिटरमागे १९० मिलिग्रॅमच्या वर, आणि तेही जन्मापासून. दोघांकडूनही तशी प्रत आली तर रिसेप्टर जवळपास नाहीतच. एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे, कातडीवर पिवळ्या गाठी, आणि शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका. टेक्सासमधली स्टॉर्मी जोन्स नावाची सहा वर्षांची मुलगी अशीच होती. तिचं कोलेस्टेरॉल हजाराच्या वर. १९८४ साली पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर हृदय आणि यकृत या दोन्हींचं रोपण एकाच वेळी केलं. हृदय बदलणं समजू शकतं, पण यकृत? तिचं यकृत नेहमीच्या अर्थानं आजारी नव्हतंच. त्याच्यावर रिसेप्टर नव्हते, एवढंच. नवं यकृत बसलं आणि कोलेस्टेरॉल उतरून जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आहार तोच, मूल तेच. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघं डॅलसमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ जे प्रयोगशाळेत सांगत होते, त्याचा हा जिवंत पुरावा. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, दोघांना नोबेल मिळालं.

हा दोष दुर्मीळ आहे असं आपण शिकलो. दोन्ही प्रती बिघडलेलं मूल खरोखरच दुर्मीळ, साधारण तीन लाखांत एक. पण एक प्रत बिघडलेली माणसं जगभरच्या पाहण्यांत अडीचशे-तीनशेमागे एक निघतात. २०११च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. अडीचशेमागे एक धरा आणि भागाकार करा: बारा हजारांहून जास्त माणसं. म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या खरेदीला गेलात तर धक्का लागणाऱ्यांत एफएचवाले दोन-चार असतीलच. त्यांतले बरेचसे सडपातळ असतील, कारण या जनुकाचा वजनाशी काही संबंध नाही. त्यांना ओळखायच्या काही खुणा आहेत: टाचेमागच्या जाड शिरेला आलेला गाठीसारखा फुगवटा, चाळिशीच्या आतच बुबुळाभोवती दिसणारी पांढुरकी कड, पापण्यांवर पिवळट चट्टे. पण खूण नाही म्हणून विकार नाही असं होत नाही. सगळ्यात स्वस्त खूण घरातच सापडते. हृदयविकाराचा झटका कुणाला आला, कितव्या वर्षी?

आपल्याकडे लग्न जमवताना छत्तीस गुण मोजतात, मंगळ पाहतात. मुलाचे वडील बेचाळिसाव्या वर्षी कसे गेले हे विचारलं तर मात्र अशुभ बोलल्यासारखं होतं. “अचानक गेले” एवढ्यावर विषय मिटतो.

आणि लग्नाचा विषय निघालाच आहे, तर इरावतीबाईंची आठवण काढायला हवी. डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्व्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो १९५३ साली आला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या सीमेवर, असा नकाशा त्यांनी मांडला. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या पुष्कळ जातींत चालतं, आत्याच्या मुलीशी सहसा नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. त्या मानवशास्त्राच्या अंगानं लिहीत होत्या. कोलेस्टेरॉलचा त्यात संबंध नव्हता. पण मला तो नकाशा वैद्यकाचा वाटतो. एखाद्या आजोबांकडे एफएचची एक प्रत असेल, तर ती त्यांच्या मुलाकडे आणि मुलीकडेही गेलेली असू शकते. मुलीचा मुलगा आणि मुलाची मुलगी यांचं लग्न झालं, तर तीच प्रत दोन्ही बाजूंनी एकाच बाळात भेटण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. तीन लाखांत एक हा आकडा मग त्या घरापुरता खोटा ठरतो. जातीतच लग्न करण्याची शेकडो वर्षांची रीतही थोड्याफार फरकानं हेच करते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे डॉ. के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं की दक्षिण आशियातल्या कित्येक समूहांत थोडक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. अशा समूहांत एखादा विरळा दोष अकस्मात दाट होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर लोकांत आणि क्वेबेकमधल्या फ्रेंच कॅनेडियनांत एफएचचं असंच झालेलं आहे.

उलट्या बाजूची गोष्टही ऐका. २००३ साली पॅरिसमधल्या संशोधकांना काही एफएच घराण्यांत रिसेप्टरचं जनुक धडधाकट सापडलं आणि दोष निघाला पीसीएसके९ नावाच्या दुसऱ्याच जनुकात. हा पीसीएसके९ म्हणजे कामगारांना कामावरून काढणारा मुकादम. तो रिसेप्टरला पेशीत नेऊन नष्ट करवतो. या घराण्यांत मुकादम फार कडक होता. मग डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: मुकादमच नसेल तर? आफ्रिकन-अमेरिकन लोकांत त्यांना अशी माणसं सापडली. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी, आणि २००६ साली छापलेल्या निष्कर्षानुसार हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. एका तरुणीत या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद होत्या. तिचं एलडीएल १४. चौदा! आणि बाई ठणठणीत. २८ टक्क्यांना ८८ टक्क्यांचं फळ का मिळालं? कारण हे एलडीएल पन्नाशीत गोळी घेऊन उतरवलेलं नव्हतं, जन्मापासूनच खाली होतं. रक्तवाहिनीला आकड्याइतकाच त्याच्या वर्षांचाही हिशोब द्यावा लागतो.

एफएच हा एका जनुकाचा तडाखा. तुमचं-माझं कोलेस्टेरॉल मात्र शेकडो जनुकांच्या किरकोळ ओढाताणीतून ठरतं. २०१० साली जनुकसंचात अशा ९५ जागा माहीत होत्या. २०२१ साली साडेसोळा लाख लोकांच्या अभ्यासातून त्या नऊशेच्या पुढे गेल्या. त्यांतलं एपीओई हे जनुक जरा वजनदार, त्याचा ई४ प्रकार एलडीएल थोडं चढवतो, ई२ उतरवतो. एकूण बेरीज केली तर माणसामाणसांतला एलडीएलचा जवळजवळ निम्मा फरक आनुवंशिक निघतो. यावर बेतलेले ‘जनुकीय गुणांक’ आता विकतही मिळतात. त्यांच्यामागची बहुतेक माणसं युरोपीय वंशाची आहेत. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला ते माप कितपत बसेल, याबद्दल मी तरी सबुरीनं घेईन.

आता वजन. पोटात, आतड्यांभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. ती यकृताकडे स्निग्धाम्लं पाठवत राहते, यकृत त्यांचे व्हीएलडीएल बनवून रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड चढतात, त्यांच्या देवाणघेवाणीत एचडीएल घसरतं, आणि एलडीएलचे कण लहान, दाट व संख्येनं जास्त होतात. गंमत अशी की कागदावरचं एलडीएल तेव्हाही बरंच सोज्वळ दिसू शकतं. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे लिपिडचे आकडे २०१४ साली आले. तमिळनाडू, झारखंड, चंडीगड आणि आपला महाराष्ट्र त्यात होता. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले निघाले १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के. एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. काही ना काही बिघडलेले ७९ टक्के. म्हणजे आपला खास दोष ‘टोटल’मध्ये दिसतच नाही, आणि आपण वाचतो ते टोटलच.

बरं, या ७९ टक्क्यांतले सगळे काही जाडजूड नव्हते. इथंच याज्ञिकांचा फोटो पुन्हा कामाला येतो. त्याच्या किती तरी आधी, १९९३ साली, केईएमच्या या गटानं पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बाया, त्यांची बाळं, आणि पुढे त्या बाळांची तरुणपणापर्यंतची वाटचाल. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना झाली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७. पोट, दंड, डोकं सगळंच लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. हाडकुळं, तरी चरबीदार बाळ! ज्या आया शेतात राबत होत्या, ज्यांचं स्वतःचं वजन जेमतेम होतं, त्यांच्या पोटची ही बाळं. सुटलेलं पोट हा केवळ बाकरवडीचा आणि बैठ्या नोकरीचा प्रताप, ही समजूत तिथंच मोडली.

मग हे जनुकांचं काम की गर्भाशयाचं? पुण्याच्या अभ्यासानं दुसऱ्या बाजूचे भक्कम पुरावे दिले. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूधदुभतं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी निघाली. बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता बहुसंख्य आयांत होती. बी१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी ज्यांच्यात होती, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. आईचं ताट बाळाच्या जनुकांचं वागणं बदलतं, असं याज्ञिक सांगतात. दुसरीकडे एफटीओ नावाचं जनुक घ्या. २००७ साली युरोपात कळलं की त्याचा एक प्रकार माणसाला जाड करतो आणि त्या जाडीमार्फत मधुमेह देतो. वजनाचा हिशोब वजा केला की मधुमेहाशी त्याचं नातं संपतं. पुण्यातल्या मधुमेह्यांत हेच जनुक तपासलं, त्याचा लेख २००९ साली आला. इथं वजन वजा केल्यावरही मधुमेहाशी नातं उरलं. तेच जनुक, पण पुणेकर देहात त्याची चाल वेगळी.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषा खाली आणल्या गेल्या. २३च्या पुढे जास्त वजन, २५च्या पुढे स्थूलता. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. बीएमआयमागचं गणित एकोणिसाव्या शतकातल्या केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. त्याला माणसांच्या समूहाचं सरासरी माप हवं होतं, तुमच्या यकृताचं भाकीत नको होतं. घरात शिंप्याची टेप असेल तर ती काट्यापेक्षा खरं बोलते.

“वजन उतरवा” हा सल्ला मी खोटा म्हणत नाही. ट्रायग्लिसराइड, साखर, रक्तदाब, यकृतातली चरबी या सगळ्यांवर त्याचा फार चांगला परिणाम होतो. एलडीएलवर मात्र तो तुटपुंजा. अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की एक किलो वजन उतरलं तर एलडीएल सरासरी एका मिलिग्रॅमहूनही कमी उतरतं. समजा एफएचच्या माणसाचं एलडीएल २४० आहे. त्यानं जिद्दीनं दहा किलो घटवले. एलडीएल येईल २३०च्या आसपास. तो खचतो, घरचे म्हणतात, चोरून खात असणार. त्याला पहिल्या दिवशी स्टॅटिनची गोळी दिली असती, तर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घट काही आठवड्यांत दिसली असती. जपानच्या अकिरा एन्डोंनी बुरशीतून शोधलेल्या पदार्थापासून या गोळ्यांचा वंश सुरू झाला. आज पेटंट संपून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, आणि तरी त्यांच्याबद्दल सर्वाधिक भीती व्हॉट्सअ‍ॅपवर पसरवली जाते. (गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड तपासा. थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं, आणि ते औषध वेगळं.)

अजून एक आकडा आहे, जो वजनालाही जुमानत नाही आणि आहारालाही: लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. त्याची पातळी जवळपास पूर्णपणे जन्मतः ठरते, आणि दक्षिण आशियाई लोकांत साधारण चारांतल्या एकाची ती जास्त असते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो येत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. आयुष्यात एकदा केला तरी पुरे. आपल्या भागात पहिला हार्ट अटॅक येण्याचं वय इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षं अलीकडे आहे, हे ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं आहे. घरात तशी घटना घडली असेल तर ही तपासणी डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.

आता शेवटचा, कामाचा भाग. एफएच असलेला एक माणूस सापडला की त्याचा प्रत्येक भाऊ, प्रत्येक बहीण आणि प्रत्येक मूल यांना तो असण्याची शक्यता निम्मी असते. नेदरलँड्सनं १९९४पासून अशा घराण्यांच्या फांद्या धरून हजारो माणसं शोधली. आपल्याकडे तसा सरकारी कार्यक्रम नाही, पण आपल्याकडे एकमेकांची नावं, गावं आणि श्राद्धाच्या तिथी पाठ असलेली कुटुंबं आहेत, आणि साधी लिपिड तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते. जनुकचाचणी असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. पीसीएसके९ला रोखणारी इंजेक्शनं २०१५पासून निघाली आहेत, वर्षातून दोनदाच घ्यायचंही आता आलं आहे. त्यांच्या किमती मध्यमवर्गीय घराला अजून झेपत नाहीत. पण ती लागतात थोड्यांना. बाकीच्यांचं साध्या गोळीवर भागतं, फक्त ती वेळेत सुरू व्हायला हवी. म्हणून चाळिशीत अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला घरी भेटायला गेलात, तर शहाळं जरूर न्या; आणि उठण्यापूर्वी त्याच्या मुलांचं एलडीएल किती आहे ते विचारा. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर तपासायची वेळ झालेली आहे, मग ते कितीही बारीक असो.